१२ लाखांपर्यंत शून्य, पण कोणासाठी आणि किती दिवस? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. करकपातीवरचा माझा लेख आपल्याला ‘रडका’ वाटला, हे प्रतिक्रियेच्या पहिल्याच ओळीत कळलं. आपलं म्हणणं थोडक्यात असं: २०२५च्या अर्थसंकल्पाने १२ लाखांपर्यंत, पगारदारांना तर पावणेतेरा लाखांपर्यंत, प्राप्तिकर शून्य केला. वर्षाला ८० हजार हातात राहिले, ते बाजारात फिरणार, सगळ्यांचंच भलं होणार. तरीही काही जण नाकं मुरडतात. वर ‘मग काय, कर वाढवून हवाय का?’ हा सवाल. आणि जाता जाता मुलीच्या शेअर्सबद्दलची एक शंका.

आधी त्या ८० हजारांचं बघू. आकडा खोटा नाही. पण तो बरोब्बर १२ लाख करपात्र उत्पन्न असलेल्या आणि आधीपासून नव्या करप्रणालीतच (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत, अशी ती प्रणाली) असलेल्या माणसाचा आहे. खाली यावं तसा तो आटत जातो. ७ लाखांपर्यंतचं उत्पन्न २०२३ पासूनच करमुक्त होतं. त्यामुळे दुकानात हिशेब लिहिणारा, कंत्राटी शिक्षिका, महिना ४०-५० हजारांवर घर चालवणारं जोडपं, यांच्या पदरात या कपातीतून एक रुपयाही पडलेला नाही. ही माणसं स्वतःला मध्यमवर्गीयच म्हणवतात, आणि मला तरी त्यात काही चूक वाटत नाही.

आता जुन्या, म्हणजे वजावटी मिळणाऱ्या, प्रणालीत असलेल्यांचं. माझ्या मेव्हण्याचं गणित त्याच्या परवानगीने मांडतो. चिंचवडला नोकरी, वार्षिक पगार १० लाख. ‘नव्या प्रणालीत १० लाखांवर ४४,२०० रुपये वाचले’ असं त्यालाही व्हॉट्सअॅपवर कळलं होतं. पण तो त्या प्रणालीत होता कुठे? घराचं कर्ज चालू, म्हणून व्याजाची २ लाखांची वजावट. ८०सी चे, म्हणजे बचतीवरच्या वजावटीचे, दीड लाख पीएफ आणि कर्जाच्या मुद्दलातच भरलेले. आईवडिलांच्या आरोग्य विम्याचे ५० हजार. शिवाय पगारदारांना सरसकट मिळणाऱ्या प्रमाणित वजावटीचे ५० हजार आणि आपल्या महाराष्ट्राचा तो व्यवसाय कर, दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००. हे सगळं वजा जाता २०२४-२५ मध्ये त्याला प्रत्यक्षात कर बसला २२,८८० रुपये. नव्या प्रणालीत गेल्यावर तो शून्य झाला. म्हणजे खरी बचत २२,८८०, महिन्याला जेमतेम १,९००.

१,९०० रुपये कमी नाहीत. मी तसं कधी म्हटलेलंही नाही. पण त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते तो) साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आणला. ३० लाखांचं, २० वर्षांचं कर्ज ९ टक्क्यांवरून ८ वर आलं तर हप्ता साधारण तेवढ्यानेच उतरतो. (बहुतेक बँका हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात, त्यामुळे हे कोणाच्या फारसं लक्षातही येत नाही.) त्याचं कौतुक मात्र कोणी पेढे वाटून केलं नाही.

दुसऱ्या बाजूचंही सांगतो. नवे स्लॅब, म्हणजे कराचे टप्पे, १ एप्रिल २०२५ ला लागू झाले. दहा दिवसही उलटले नव्हते, तोवर घरगुती सिलिंडर ५० रुपयांनी महागला आणि पेट्रोल-डिझेलवरचं उत्पादन शुल्क लिटरमागे २ रुपयांनी वाढलं. पंपावरचा भाव वाढला नाही, हे खरं. पण कच्चं तेल उतरलं असताना ग्राहकाला मिळू शकला असता तो दिलासा सरकारने स्वतःकडे ठेवला. सिलिंडर काय, पेट्रोल काय, प्राप्तिकर न भरणाऱ्यालाही लागतंच.

त्या मानाने सप्टेंबरातली जीएसटी कपात मला अधिक प्रामाणिक वाटते. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ टक्क्यांवर आलं, वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा कर तर गेलाच. मेव्हण्याच्या आईवडिलांच्या पॉलिसीचा मूळ हप्ता ४८ हजार होता, त्यावरचे ८,६४० वाचले. पुढच्या नूतनीकरणात कंपनीने मूळ हप्ताच वाढवला आणि त्यातले निम्मे परत घेतले, ती गोष्ट वेगळी.

‘पैसा फिरला की सगळ्यांचं भलं’ यावर फार लिहीत नाही. सरकारने या कपातीपायी सुमारे १ लाख कोटींचं उत्पन्न सोडलं. तो पैसा ज्यांच्या हातात राहिला, त्यांनी तो खर्च करावा की कर्ज फेडावं हे सरकार ठरवत नाही. मेव्हण्याचा मुलीच्या स्कूल बसमध्ये गेला.

माझा खरा आक्षेप पुढचा आहे, आणि त्याला आपण हातच लावलेला नाही. आज १२ लाख पगार असलेला माणूस घ्या. कर शून्य. दरवर्षी ७ टक्के वाढ धरा, महागाईशी कसाबसा बरोबरी करणारी. पहिल्या वर्षी पगार १२ लाख ८४ हजार, नव्या प्रणालीतली ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाता करपात्र रक्कम १२ लाखांच्या वर ९ हजार. मर्यादा थोडक्याने ओलांडली की वरचे तेवढे ९ हजार जसेच्या तसे करात, वर उपकर (करावरचा कर). दुसऱ्या वर्षी पगार पावणेचौदा लाखांच्या आसपास, आता टप्प्यांप्रमाणे पूर्ण कर, आणि तो सुमारे ७८ हजार! नव्या प्रणालीच्याच २०२४-२५च्या दराने तो १ लाख ४ हजारांच्या घरात गेला असता, तेव्हा फायदा आहेच. पण त्या माणसाची ऐपत वाढलेली नाही. तीच भाजी, तीच फी, तोच दवाखाना, फक्त आकडे फुगले. आणि ‘शून्य कर’वाला दोन वर्षांत पाऊण लाख भरू लागला.

जुन्या प्रणालीत हे आपण भोगलंच आहे. अडीच लाखांची करमुक्त मर्यादा, ८०सी चे दीड लाख, गृहकर्जाच्या व्याजाचे २ लाख, हे तिन्ही आकडे २०१४ मध्ये ठरले आणि तिथेच गोठले. दरम्यान पुण्यात फ्लॅटचे भाव काय झाले ते आपण जाणताच. अमेरिकेत करांचे टप्पे दरवर्षी महागाईनुसार आपोआप सरकतात. आपल्याकडे मात्र सरकारला वाटेल तेव्हा सरकतात, आणि सरकले की बाकं वाजतात.

तेव्हा आपल्या सवालाचं उत्तर: नाही, कर वाढवून नको. टप्पे महागाईला बांधून द्या, कायद्याने. मग कोणत्या अर्थमंत्र्याने किती ‘दिले’ हा वादच उरणार नाही, आणि मलाही असे लेख लिहावे लागणार नाहीत.

राहिली आपल्या मुलीच्या शेअर्सची शंका. तिचा पगार ९ लाख आणि वर्षभराच्या आत विकलेल्या शेअर्सवर ६० हजार नफा, म्हणजे एकूण १२ लाखांच्या आतच, तर कर शून्य ना? नाही. पगारावर शून्य, पण शेअर्सच्या अल्पकालीन नफ्यावर ही सूट चालत नाही. त्यावर २० टक्के आणि उपकर मिळून १२,४८० रुपये भरावे लागतील. ३१ जुलैची वाट न बघता तिला आत्ताच सांगून ठेवा.