पित्ताशयाची पिशवी लॅबला पाठवू नका म्हणे!

कळव्याच्या मावशीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून, आणि सिस्टरने काकांच्या हातात डबी दिली की ही लॅबमध्ये नेऊन द्या. काकांनी ती नेलीच नाही, घरीच ठेवली. कारण सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: पित्ताशय काढल्यावर बायोप्सी ही लूट आहे, खडे असले की कॅन्सर नसतो, असता तर सोनोग्राफीत दिसला असता, बायोप्सीने कॅन्सर पसरतो, आणि पिशवीच काढली तर रोगही गेला, म्हणून ठाम नकार द्या. मी ठाण्यात लॅबमध्येच काम करते, या पिशव्या रोज डोळ्यासमोर असतात, त्यामुळे हे वाचून डोकंच फिरलं. डबी मी नेऊन दिली, पण ग्रुपवरच्या बाकीच्यांचं काय?

आधी पसरण्याचं, कारण काका त्यालाच घाबरले होते. अहो, पिशवी पोटातून बाहेर आलीय, फॉर्मालिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रवात, बुडालीय, त्यातल्या पेशी मेल्यात, ती टेबलावर चिरली तर मावशीच्या अंगात काय आणि कुठून पसरणार? आता एक मान्य करते. पित्ताशय पोटात असताना कॅन्सरचा संशय असेल आणि ते काढता येण्यासारखं असेल तर सर्जन सहसा तुकडा घ्यायला सुई घालत नाहीत, कारण पित्त सांडून पेशी पसरू शकतात. ऑपरेशनमध्ये पिशवी फुटली तरी तीच भीती. पण डबीतल्या पिशवीला हे कसं लावलं?

सगळ्यात घातक म्हणजे "काढली म्हणजे गेलं". पित्ताशयाची भिंत पातळ असते, आत अस्तर, त्याखाली स्नायूचा थर, आणि एका बाजूला लिव्हर चिकटलेलंच. कॅन्सर स्नायूपर्यंत पोचला नसेल तर नुसती पिशवी काढणं बहुतेक वेळा पुरतं. स्नायूत शिरला असेल तर तब्येत झेपणारी असल्यास दुसरं ऑपरेशन सुचवतात, त्यात लिव्हरचा लगतचा भाग आणि लिम्फ नोड्स (लसिकाग्रंथी) काढतात. हा फरक मिलिमीटरमधला आहे. आमच्याकडे पिशवी उभी चिरतात, पित्त धुतात, भिंतीची जाडी मोजतात, कुठे खरखरीत किंवा जाड लागतंय का बोटाने चाचपतात, मग वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे आणि पित्ताशयाच्या नळीचं कापलेलं टोक मायक्रोस्कोपखाली बघायच्या स्लाइडसाठी घेतात. एवढं करूनही कधी कधी नुसत्या डोळ्यांना अगदी नॉर्मल दिसलेल्या पिशवीत स्लाइडवर कॅन्सर निघतो.

खड्यांचं तर उलटंच आहे, खडे असलेल्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही हे खरं, पण पित्ताशयाचा कॅन्सर झालेल्या बहुतेकांना खडे असतातच. सोनोग्राफी खडे छान दाखवते, सुरुवातीचा कॅन्सर सुजेमागे सहज लपतो. खड्यांसाठी काढलेल्या पिशव्यांत असा अचानक सापडलेला कॅन्सर देशाप्रमाणे साधारण 0.2 ते 3 टक्के. आणि आपल्याकडे महाराष्ट्रात प्रमाण कमी म्हणून निवांत राहू नका, उत्तर प्रदेश-बिहारच्या गंगेच्या पट्ट्यात हा आजार भरपूर आहे आणि तिथून आलेली कितीतरी कुटुंबं ठाणे-दिव्यात राहतात.

लुटीचं म्हणाल तर नेदरलँड्समध्ये सर्जन पिशवी उघडून नीट बघतात आणि संशय असेल तरच पाठवतात, हे आहे. पण ते तिथे कॅन्सर कमी असल्यामुळे आणि नीट बघण्याची शिस्त पाळून. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ पॅथॉलॉजिस्ट्सने 2005 मध्ये सगळीच पित्ताशयं तपासावीत असं सांगितलं, आणि त्यांच्याकडेही हा कॅन्सर काही फार नाही. खर्च ऑपरेशनच्या बिलापुढे किरकोळ असतो, जास्त लावला असेल तर बिल विचारा, भांडा, पण तपासणी सोडू नका.

ज्यांच्या घरी आत्ता डबी असेल त्यांनी आजच लॅबला न्या. डबीत साधं पाणी किंवा सलाईन असेल तर हॉस्पिटलला फोन करून लगेच फॉर्मालिन मागा, कारण पित्तामुळे अस्तर लवकर सडतं. आणि रिपोर्ट आला की फाइलमध्ये टाकून देऊ नका, सर्जनला दाखवा.