मामांचा फॉरवर्ड आणि परक्याची हिंदी

हिवाळ्यात अमळनेरला मामांच्या मळ्यात भरीत होतं. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजून झाली होती. मामा सालं काढत बसले होते, बोटं काळीकुट्ट. तशाच बोटांनी त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. "भाचेबुवा, तुम्ही सिनेमावर लिहिता ना? मंग हे वाचा."

मेसेज मला आधीच तीन ग्रुपांवर आला होता, तुमच्याकडेही पोचला असेल. त्याचं सार असं: परदेशी दिग्दर्शक हिंदीत सिनेमे काढतात ते भारताची बदनामी विकायला. त्यांना भाषा येत नाही, पैसा बाहेरचा असतो, आणि आता तर ब्रिटननं आपली हिंदी पळवून ऑस्करला नेली. सबब, हे सिनेमे हिंदी नव्हेतच.

रोख 'संतोष'वर आहे. संध्या सुरी या ब्रिटिश दिग्दर्शिकेचा हा सिनेमा मे २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. पुढे ब्रिटननं तो ऑस्करला पाठवला आणि पंधरा सिनेमांच्या निवडयादीत तो आलाही.

आधी भाषेचं बघू, कारण मामांचा सगळा जोर तिथे होता. १९३६ चा 'अछूत कन्या' मामांना पाठ आहे, अशोक कुमार म्हणजे त्यांचा जीव की प्राण. एक तर भुसावळहून इटारसीकडे निघालं की बुऱ्हाणपूरच्या पुढे खंडवा, आणि अशोक कुमारचं लहानपण तिथलं, म्हणून तो त्यांना जवळपास खानदेशीच वाटतो. त्या सिनेमाचा दिग्दर्शक होता फ्रान्झ ऑस्टेन, म्युनिकचा जर्मन. त्याला हिंदी येत नव्हती. कॅमेऱ्यामागे जोसेफ विर्शिंग, तोही जर्मन. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये ऑस्टेननं एकामागून एक हिंदी सिनेमे केले. १९३९ ला युद्ध पेटलं आणि जर्मन म्हणून इंग्रज सरकारनं त्याला अटक केली, तेव्हा कुठे ते थांबलं. तिकडे मद्रासला एलिस डंगन नावाचा अमेरिकन तमिळचा गंधही नसताना तमिळ सिनेमे काढत होता. एम. एस. सुब्बुलक्ष्मींची 'मीरा' त्याचीच, ती पुढे हिंदीतही आली. आता कुणी म्हणेल का, की ही मीरा आपली नाही?

परदेशी राहू द्या. सत्यजित राय बंगाली, हिंदी त्यांच्या हातातली भाषा नव्हती. 'शतरंज के खिलाडी'चे संवाद त्यांनी शमा झैदी आणि जावेद सिद्दिकी यांच्याकडून लिहून घेतले. आणि त्यांच्या 'सद्गती'त चांभाराच्या बायकोचं काम कुणी केलं? स्मिता पाटीलनं, आपल्या शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांच्या लेकीनं. म्हणजे दिग्दर्शक बंगाली, नटी मराठी मुलखातली, सिनेमा हिंदी. पडद्यावर भाषा पोचते ती संवाद लिहिणाऱ्याच्या आणि नटाच्या तोंडून. दिग्दर्शकाला ऐकू यावं लागतं ते निराळंच, माणूस खोटं बोलतोय की खरं.

आणि तसं बघायला गेलं तर आपली तरी हिंदी कुठली? घरात अहिराणीतलं "काय करी ऱ्हायना", शाळेत पुस्तकी मराठी, आणि हिंदी शिकलो ती सारंगखेड्याच्या यात्रेतल्या तंबूत पडद्यावर बघून. परकेपणाचा निकष लावायचाच असेल तर पहिला नंबर आपला लागतो, हे मी मामांना सांगितलं. त्यांनी नुसतं "हं" केलं.

या मुद्द्यात खरं काहीच नाही असं मात्र नाही. 'स्लमडॉग मिलियनेर'मध्ये झोपडपट्टीतली पोरं लहानपणी हिंदी बोलतात आणि मोठी झाली की फाडफाड इंग्रजी, ते मला आजही खटकतं. पण हा दोष त्या सिनेमाचा झाला. ऑस्टेनला किंवा संध्या सुरींना त्याचं बिल लावता येत नाही.

पैशाचा मुद्दा दोन ओळींत संपतो. 'संतोष'ला बीबीसी फिल्म आणि ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचा हातभार होता, खरंय. 'सलाम बॉम्बे'तही ब्रिटनच्या चॅनल फोरचा पैसा होता आणि आपल्या सरकारच्या एनएफडीसी या चित्रपट महामंडळाचाही. तो १९८८ चा सिनेमा भारतानंच ऑस्करला पाठवला होता.

ऑस्करमधली पळवापळवी हा तर निव्वळ गैरसमज. आसिफ कपाडियाचा 'द वॉरियर' ब्रिटननं याआधी पाठवून पाहिला होता. इरफान खान त्यात नायक, भाषा हिंदी. हिंदी ही ब्रिटनची भाषा नाही म्हणून ऑस्करवाल्यांनी तो परत केला. २००६ मध्ये नियम बदलला: सिनेमा मुख्यतः इंग्रजीत नसला की पुरे, भाषा पाठवणाऱ्या देशाचीच हवी असं नाही. लगेच कॅनडानं दीपा मेहतांचा 'वॉटर' पाठवला, तोही हिंदी, आणि त्याला नामांकन मिळालं. यात भारताची जागा कुणी खात नाही, आपली प्रवेशिका वेगळी जाते. ज्या वर्षी 'संतोष' गेला त्या वर्षी आपण 'लापता लेडीज' पाठवला होता. मामांच्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्यानं आपल्या बियाण्याचं पीक काढलं म्हणून आपलं शेत काही कमी झालं नाही.

राहिली बदनामी. 'संतोष'मधल्या बाईचा नवरा पोलिसात होता. तो मरतो आणि तिला अनुकंपा तत्त्वावर त्याच्या जागी कॉन्स्टेबलची नोकरी मिळते. पुढे एका दलित मुलीच्या खुनाचा तपास तिच्या वाट्याला येतो, आणि वर्दी माणसाला काय काय करायला लावते ते ती बघते, करतेही. सेन्सॉर बोर्डानं मोठी कापाकापी सांगितली, ती सिनेमा करणाऱ्यांना मान्य होण्यासारखी नव्हती, त्यामुळे सिनेमा इथे थिएटरला लागलाच नाही. म्हणजे मेसेज पुढे ढकलणाऱ्यांतल्या बहुतेकांनी तो पाहिलेला असणं शक्य नाही. वांग्याला हात न लावता भरीत तिखट झालं म्हणण्यातला प्रकार.

मामांना मी गोष्ट सांगितली तेव्हा त्यांचा हात थांबला. कळण्याच्या भाकरीचा तुकडा ताटात तसाच ठेवून म्हणाले, "आपल्या गल्लीत हवालदाराची बायको होती, आठवते का तुले? नवरा गेला तव्हा पोरगं कडेवर होतं तिच्या."

आठवत होती. पुढे ती वर्दीत दिसायची.

"तिची अनुकंपाची फाईल मीच फिरवली. दोन वर्षं. या टेबलावरून त्या टेबलावर. साहेब म्हने, बाईमाणसाले काय जमणार." मामांनी मोबाईल उचलला, काळं बोट स्क्रीनवर टेकवलं आणि विचारलं, "हा सिनेमा कुठे लागला होता म्हणाला?"

"इथे कुठेच नाही, मामा."