बेलीज मुरवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

ड्यूटी-फ्रीच्या पिशवीतून बेलीज, म्हणजे व्हिस्की आणि क्रीमचं गोड आयरिश लिकर, घरी आली की पहिला नियम: ती उघडायची नाही. हॉलमधल्या शोकेसमध्ये, चांदीचा गणपती आणि चिरंजीवांची ट्रॉफी यांच्या मधोमध तिची प्रतिष्ठापना करायची. वर पिवळा फोकस लाइट असेल तर सोन्याहून पिवळं, बाटली कायम कोमट राहते.

मग पाहुण्यांना इतिहास सांगायचा. "आयर्लंडच्या मठात साधू लोक तीनशे वर्षांपासून बनवतायत" इथून सुरुवात करा. लेबलावर आर. ए. बेली अशी झोकदार सही आहे, तिच्याकडे बोट दाखवा: हे घराण्याचे मूळ पुरुष. असा माणूस कधी जन्मालाच आला नाही, ते नाव बनवणाऱ्यांनी आपल्या ऑफिसखालच्या रेस्टॉरंटच्या पाटीवरून उचललं, हे पोटात ठेवा. 1973 साली लंडनच्या सोहो भागात डेव्हिड ग्लकमन आणि ह्यू सेमूर-डेव्हिस हे दोघे सल्लागार बसले होते. काम होतं आयर्लंडमधून निर्यात करता येईल असं नवं पेय सुचवायचं. ग्लकमन यांनी आधी केरीगोल्ड या आयरिश बटरवर काम केलेलं, त्यामुळे डोक्यात आयरिश दूधदुभतं. त्यांनी दुकानातून क्रीम आणलं, जेमसन व्हिस्कीत ओतलं. भयानक लागलं. साखर घातली. पुन्हा दुकानात जाऊन कॅडबरीची ड्रिंकिंग चॉकलेट पावडर आणली. ग्लकमन यांच्याच हिशेबाने सगळं मिळून पाऊण तास! डब्लिनच्या गिल्बीज कंपनीने ते 1974 मध्ये बाजारात आणलं आणि 2007 पर्यंत शंभर कोटी बाटल्या खपल्या. पण पाऊण तासाच्या गोष्टीला वजन नाही. तुम्ही मठच सांगा.

कोणी लिंबू पिळून मागितलं तर अवश्य द्या, पनीर कसं होतं ते मुलांनाही बघायला मिळेल.

कोकबरोबरही तेच.

बाटली संपली आणि घरीच बनवायची हौस आली, तर घरची साय वापरा, मिक्सर फुल स्पीडला ठेवा आणि व्हिस्की एकदम उपडी करा. दोन मिनिटांत वर लोण्याचा गोळा, खाली व्हिस्कीचं ताक. ज्यांना ही मजा नको असेल त्या अरसिकांनी टेट्रापॅकमधलं 25 टक्के फॅटचं क्रीम 200 मिली आणि साधारण अर्धा डबा, म्हणजे 200 ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्क घ्यावं. एक चमचा इन्स्टंट कॉफी आणि एक चमचा कोको दोन चमचे गरम पाण्यात विरघळवून, गार करून त्यात घालावं. मग 200 मिली व्हिस्की बारीक धारेने, मिक्सर सगळ्यात हळू ठेवून, अर्ध्या मिनिटात. धार जाड झाली की तेवढ्या जागी अल्कोहोल एकदम वाढतं, दुधातलं प्रोटीन आकसतं आणि कण धरतात. आपली व्हिस्की 42.8 टक्क्यांची, म्हणजे हिशेब साधारण 15 टक्क्यांवर येतो. बेलीज 17 टक्क्यांची असते. "बायकांसाठी जरा माइल्ड" म्हणून व्हिस्की निम्मी केलीत की उरतं ते कॉफीचं दूध, आणि ते दुधासारखंच नासतं. एरवीही फ्रिजमध्ये आठवडाभर, त्यापुढे नाही. वर सायीचं कडं जमेल. घाबरू नका, हलवा. कारखान्यातलं होमोजनायझर फॅटचे थेंब इतके बारीक फोडतं की ते वर यायचे थांबतात, आपल्या मिक्सरला ते जमत नाही.

आता मूळ विषय, मुरवणे. व्हिस्की जितकी जुनी तितकी भारी, हे वाक्य पाठ असेलच. तोच न्याय बेलीजला लावा. एक दिवाळी जाऊ द्या, दुसरी जाऊ द्या. मुलगी बारावी झाली की उघडू, मग इंजिनिअर झाली की उघडू, मग लग्न ठरलं की. मधले सगळे एप्रिल-मे बाटलीने त्याच शोकेसमध्ये काढायचे, बाहेर 41 आणि बंद फ्लॅटमध्ये 36. कंपनी सांगते शून्य ते पंचवीस अंशांत ठेवा. कंपनीला काय कळतंय? कंपनी हेही सांगते की बनवल्या दिवसापासून दोन वर्षं, उघडा नाहीतर उघडू नका. तारीख बाटलीवरच छापलेली असते, पण ती मागे, आणि शोकेसमध्ये बाटलीचं तोंड पुढे असतं ना! मग सहाव्या वर्षी पाहुण्यांसमोर झाकण फिरवायचं. आधी काहीच येत नाही, मानेत बूच बसलंय. बुडावर थाप मारायची. मग गडद तपकिरी, दह्याच्या निवळीसारखं पाणी आणि मागून पचकन एक गोळा. यजमान म्हणणार, "चांगली मुरलीय." पाहुण्याने म्हणायचं, "वा."

मुरलीय? लोणचं आहे का ते? अहो, व्हिस्कीसुद्धा बाटलीत मुरत नाही, ती मुरते लाकडी पिंपात. आयरिश व्हिस्कीला कायद्याने किमान तीन वर्षं पिंपात काढावी लागतात, आणि काचेत भरली की तिचं वय थांबलं. आणि ही तर क्रीम घातलेली! दुधाची पिशवी एक दिवस ओट्यावर राहिली तर बाईंवर डाफरता, आणि सहा वर्षांचं क्रीम माणसांना हसत हसत पाजता? सतरा टक्के अल्कोहोल दोन वर्षं राखण करतं, तुमच्या मुलीच्या लग्नापर्यंत नाही. पाहुणा भिडेखातर गिळतो, त्याचा अर्थ आवडलं असा नसतो. पाजायची नव्हती तर आणली कशाला?

उठा. काचेचं दार उघडा, बाटली फिरवा, मागची तारीख वाचा. शिल्लक असेल तर आज रात्रीच बर्फावर ओता, 50 मिली, वर काही नको. गेली असेल तर सिंकमध्ये, आणि मागून भरपूर गरम पाणी सोडा, नाहीतर गुठळ्या जाळीत अडकतात.