ट्रॅक्टर कुणाचं ऐकतो?

वादाला तोंड फुटलं ते बापूंच्या मोबाइलवरून. त्यांच्या शेताचा उपग्रहाने काढलेला नकाशा होता. बहुतेक शेत हिरवंगार, एका कोपऱ्यात पिवळट डाग. आमच्या सॉफ्टवेअरवाल्याला तेवढंच निमित्त पुरलं.

"बघा, बांधावर न जाता कळलं! निरोगी पान लाल प्रकाश शोषतं आणि अवरक्त प्रकाश परत फेकतं. पीक खंगलं की हे प्रमाण बिघडतं. युरोपच्या सेंटिनेल-२ मालिकेतला पहिला उपग्रह २०१५ मध्ये गेला. आता जोडीने दर पाच दिवसांनी फोटो, तेही फुकट."

"आणि आभाळ भरलं तर?" मास्तरांनी विचारलं.

"मग नाही दिसत."

"म्हणजे बुरशीला हवी तशी हवा पडली की हा नेमका आंधळा."

बापू शांतपणे म्हणाले, "डाग कुठे आहे ते कळतं रे. का आहे ते नाही कळत. नत्र कमी पडलं तरी पान पिवळं, पाणी तुंबलं तरी पिवळं. अ‍ॅप म्हणालं, नत्र द्या. मी जाऊन रोप उपटलं. मुळं तपकिरी, बोटाला चिकट लागत होती, वर कुजका वास. तिथे खत टाकून काय होणार? चर खणला."

"पण त्या कोपऱ्यात जायचं हे त्यानेच सांगितलं ना?"

हे मात्र बापूंनी बिनशर्त मान्य केलं.

मग गाडी मातीतल्या सेन्सरवर आली. हा भाग मला आवडला, कारण त्यात चमत्कार काही नाही. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युतक्षेत्रात पदार्थ किती ऊर्जा साठवतो याचं माप) ८० च्या आसपास, कोरड्या मातीचा तीन ते पाच. एवढ्या फरकावरून ओल मोजता येते. पण सेन्सर खोचायचा कुठे, तर तो माणसानेच. ठिबकच्या तोटीला लागून खोचला की तो कायम 'ओल आहे' म्हणणार आणि दोन हातांवरचं पीक वाळत राहणार.

वकील इतका वेळ गप्प होते. गप्प असले की समजायचं, तयारी चालू आहे.

"आकडे-बिकडे ठीक आहेत. ट्रॅक्टर कुणाचा ते सांगा."

"ज्याने पैसे मोजले त्याचा!"

"असं? २०२२ मध्ये युक्रेनमधल्या मेलिटोपोलहून रशियन सैनिकांनी ट्रॅक्टर, कापणी यंत्रं पळवली, ती दुरूनच बंद पाडली गेली. चोरांची जिरली, छान झालं. पण दुरून बंद पाडायची सोय होती, हे त्याच दिवशी सगळ्यांना कळलं. ती यंत्रं बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये खटला भरला. आरोप असा की पूर्ण दुरुस्तीचं सॉफ्टवेअर अधिकृत डीलरांपुरतंच ठेवलं. ऐन कापणीत यंत्र अडलं तर शेतकऱ्याने पाना हातात घेऊन नुसतं बसायचं?"

"कोलोरॅडोने २०२३ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केलाय," सॉफ्टवेअरवाला म्हणाला.

"केला, कारण करावा लागला."

मास्तरांनी मे २०२४ चं सौरवादळ काढलं. अमेरिकेत मक्याची पेरणी भरात असताना, ज्याच्या जोरावर ट्रॅक्टर आपोआप सरळ ओळीत चालतात ते जीपीएस भरकटलं आणि बऱ्याच ठिकाणी पेरणी थांबवावी लागली. "हाताने चालवायचं की!" असं म्हणणं सोपं आहे. पण दोन-तीन सेंटिमीटरच्या अचूकतेने आखलेल्या ओळी एकदा वाकड्या झाल्या, की पुढची खुरपणीची आणि फवारणीची यंत्रंही त्याच ओळी धरून चालतात. मला विचाराल तर वकिलांचा मुद्दा याहून मोठा आहे. वादळ दोन दिवसांत ओसरतं, करारातली अट ओसरत नाही.

"मग काय, सगळं फेकून द्यायचं?" सॉफ्टवेअरवाला तापला. "तण दिसेल तेवढ्यावरच फवारणारे कॅमेरे आलेत. अख्ख्या रानावर औषध मारणं बरं का?"

"नाही बरं," बापू म्हणाले. "मलाही हवंय ते. उद्या कंपनी बदलली तर माझे इतक्या हंगामांचे नकाशे माझ्याबरोबर येतील का, एवढंच सांग."

"येतात ना, डेटा उतरवून घ्यायची सोय असते."

"कुठे?"

त्याने बापूंचा मोबाइल घेतला. सेटिंग्जमध्ये गेला, परत आला, मग मदतीच्या पानावर गेला. वकील चष्मा सरसावून त्याच्या खांद्यावरून वाचायला लागले.