कोकणातली झाडे थंडीने मरत नाहीत

दिवाळीचे कंदील उतरले की बागेची आवड असलेल्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश दरवर्षी फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे आहे : पारा १५ अंशांच्या खाली गेला की उष्णकटिबंधीय झाडे मरतात, म्हणून कुंड्या फेब्रुवारीअखेरपर्यंत घरात घ्याव्यात, घरात न मावणारी झाडे प्लास्टिकने झाकून ठेवावीत, थंडीत झाडे झोपतात, म्हणून पाणी आठवड्यातून एकदाच आणि तेही कोमट द्यावे, खत मार्चपर्यंत पूर्ण बंद ठेवावे, सगळ्या फुलझाडांची कडक छाटणी करावी, आणि जमिनीतले कंद उपटून, कागदात गुंडाळून कपाटात ठेवावेत. यंदा हा संदेश मला रत्नागिरी, गुहागर आणि वेंगुर्ले अशा तीन ठिकाणच्या ओळखीच्या माणसांनी पाठवला, आणि त्यांतल्या दोघांनी तो अमलातही आणला होता. म्हणून त्यातला एकेक मुद्दा नीट तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

या सूचना जिथे बर्फ पडतो किंवा दहिवर गोठते त्या मुलखात लिहिल्या गेल्या असाव्यात, आणि तिथे त्या बहुतांशी बरोबर आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्याने वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीच्या सरासरीवरून झाडांसाठी १३ पट्टे पाडले आहेत, आणि घरातल्या शोभेच्या झाडांविषयीचे इंग्रजी लेखन बहुधा याच पट्ट्यांच्या भाषेत असते. आपल्या किनाऱ्याला त्या तक्त्यात बसवायचेच म्हटले, तर तो जवळजवळ सगळा शेवटच्या दोन पट्ट्यांत, म्हणजे सर्वांत उबदार टोकाला जातो. पहिल्या सात-आठ पट्ट्यांतल्या माणसासाठी लिहिलेली काळजी बाराव्या-तेराव्या पट्ट्यातल्या अंगणात उतरवली की काय होते, ते पुढे दिसेल.

आधी १५ अंशांचा मुद्दा घेऊ. उष्ण प्रदेशातल्या पुष्कळ झाडांना गारठा बाधतो, हे खरे आहे. पेशींची आवरणे थंडीने ताठरतात, आतला द्रव पाझरू लागतो आणि पानांवर पाणचट, मग काळपट डाग पडतात. परंतु ही इजा साधारणपणे १० ते १२ अंशांच्या खाली, आणि तीही गारठा काही तास किंवा काही रात्री टिकला तर होते. केळीची वाढ याच्या बरीच आधी मंदावते, पण वाढ मंदावणे आणि झाड मरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रत्नागिरीत जानेवारीतल्या रात्रीचे सरासरी किमान तापमान १८ ते १९ अंशांच्या आसपास असते, आणि दुपारी पारा तिशी ओलांडतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या आपण वाचतो; समुद्राजवळच्या कोणत्याही गावात तसे घडत नाही, कारण हिवाळ्यातही उबदार राहणारा समुद्र रात्रीची थंडी फार वाढू देत नाही. दापोलीसारख्या उंचावरच्या भागात मात्र एखाद्या रात्री पारा १० ते १२ अंशांपर्यंत उतरतो, आणि तिथल्या लोकांनी अँथुरियमसारख्या नाजूक कुंड्या त्या चार-सहा रात्री पडवीत भिंतीलगत सरकवल्या तर ते योग्यच आहे. सकाळी ऊन आले की त्या पुन्हा जागेवर ठेवाव्यात. त्यासाठी त्यांना तीन महिने घरात कोंडण्याचे कारण नाही.

उलट, ज्या थंडीचे भय दाखवले जाते तिच्यावरच आपल्या किनाऱ्याचे निम्मे अर्थकारण उभे आहे. रात्रीचे तापमान विशीच्या खाली उतरून काही आठवडे तसे राहिले की हापूसच्या जून फांद्यांतून मोहोर फुटतो. थंडी लांबली की बागायतदार तक्रार करतात, पण ती पुनर्मोहोराची असते, आधी धरलेली फळे गळण्याची असते. कलम मेल्याची नसते. खिडकीत ठेवलेल्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडचीही गोष्ट तीच आहे, कारण रात्री थोड्या गार झाल्याशिवाय त्याला फुलाचा दांडा येत नाही. त्याला डिसेंबरात बंद खोलीत उबदार ठेवणारा माणूस स्वतःच्या हाताने त्याची फुले घालवतो.

घरात आणल्याने काय होते, हे मी स्वतः पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका सल्ल्यावर विश्वास ठेवून मी अंगणातले तीन क्रोटन माजघरात आणून ठेवले. पंधरा दिवसांत खालची पाने गळू लागली, नव्या पानांचा लाल-पिवळा रंग जाऊन ती फिकट हिरवी झाली, आणि जानेवारी संपेपर्यंत पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण भरला. क्रोटनचे रंग भरपूर उजेडावर अवलंबून असतात, आणि चिऱ्याच्या जाड भिंतींच्या कौलारू घरात दिवसाही जो उजेड असतो तो बाहेरच्या झाडाखालच्या सावलीपेक्षाही कितीतरी कमी असतो. शिवाय घरात वारा खेळत नाही, पावसाने किंवा पाण्याने पान धुतले जात नाही, आणि पिठ्या ढेकूण व खवले कीड यांना नेमके तेच हवे असते. थंडीने त्या तीन झाडांचे काहीही बिघडले नसते.

प्लास्टिकचा मुद्दा थोडक्यात संपवता येतो. जिथे दहिवर गोठते तिथे संध्याकाळी झाड झाकतात, ते जमिनीतून वर येणारी ऊब रात्रभर अडवण्यासाठी, आणि सकाळी ते आच्छादन काढतात. आपल्याकडे तिशीपलीकडच्या दुपारी प्लास्टिकच्या आतली हवा बाहेरपेक्षा पुष्कळ तापते, पान भाजते. रात्री आत पाणी सुटते आणि ओल्या पानांवर बुरशी धरते. या दिवसांत आपल्या लोकांनी झाडाला जे आच्छादन दिले आहे ते उन्हासाठी आहे. नवे माड आणि पोफळी यांच्या रोपांवर झावळ्यांची सावली करतात, पोफळीचे कोवळे खोड नैर्ऋत्येच्या उन्हाने भाजू नये म्हणून ते गुंडाळतात, नव्या कलमांना गवताचा आडोसा देतात. ही सगळी तजवीज पाऊस गेल्यानंतरच्या उन्हाविरुद्ध आहे, आणि ती करणाऱ्यांना थंडीचे भय कधी वाटले नाही.

आता सर्वांत घातक मुद्दा, म्हणजे झाडे झोपतात म्हणून पाणी तोडण्याचा. थंड देशांत हिवाळ्यात पाणी कमी करतात, त्यामागे कारणे आहेत. माती गार झाल्याने मुळे पाणी उचलत नाहीत, दिवस अगदी लहान असतो, बाष्पीभवन होत नाही आणि कुंडीतली ओल आठवडेच्या आठवडे राहून मुळे कुजतात. लंडनमध्ये डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस आठ तासांचाही नसतो. रत्नागिरीत तो सुमारे ११ तासांचा असतो. आपल्याकडे याच काळात पाऊस पूर्ण थांबलेला असतो, पहाटे जमिनीकडून कोरडे मतलई वारे वाहतात, आणि पूर्वेकडचा वारा दुपारपर्यंत टिकला तर जानेवारीतही किनाऱ्यावर पारा पस्तिशीकडे जातो. अशा हवेत सिमेंटच्या गच्चीवरची दहा इंची मातीची कुंडी एका दिवसात कोरडी होते. तिला आठवड्यातून एकदा पाणी देणे म्हणजे तिला तहानेने मारणे आहे. मग पाने करपतात, आणि माणूस समजतो की झाडाला थंडी बाधली, म्हणून पाणी आणखी कमी करतो. ओळखीच्या दोन बागांत मी यंदा हेच पाहिले. दोन पेरे बोट मातीत घालून पाहावे, ओल लागली नाही तर पाणी द्यावे. याहून वेगळा नियम कुंडीला लागत नाही.

कोकणातली जमीन या दिवसांत झोपत नाही, हे तर कोणत्याही गावात फिरून पाहता येते. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल, कुळीथ, पावटा उभा राहतो; पाण्याची सोय असेल तिथे वायंगणी, म्हणजे भाताच्या दुसऱ्या पिकाची, शेती होते; लाल माठ, मुळा, वांगी, मिरची यांचे मळे मार्गशीर्ष-पौषातच भरात असतात.

तरीही काही झाडे या काळात खरोखर विसावा घेतात, आणि संदेशाची मोठी चूक इथे आहे की त्याने सगळ्या उष्णकटिबंधीय झाडांना एका माळेत ओवले. मॉन्स्टेरा, अँथुरियम, फिलोडेंड्रॉन यांची जात मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या दमट जंगलांतली आहे. त्यांना आपले सात-आठ महिन्यांचे कोरडेपण सोसत नाही, म्हणून नोव्हेंबरपासून मेपर्यंत त्यांना पाणी, सावली आणि पानांवर शिंपण यांची जास्त गरज असते. खुरचाफा आणि बोगनवेल ही झाडेही अमेरिका खंडातूनच आली, आणि अडेनियम आफ्रिका-अरबस्तानातून आले, पण ज्या भागांत वर्षातले काही महिने पाऊस नसतो तिथून. खुरचाफा हिवाळ्यात पाने टाकतो तो कोरड्या ऋतूत पाणी वाचवण्यासाठी. त्या उघड्या फांद्या दाबून पाहाव्यात. टणक असतील तर झाड धडधाकट आहे, आणि त्या वेळी त्याला पाण्याने भिजवत राहण्याची गरज नाही. म्हणजे पाणी कमी करण्याचा सल्ला खुरचाफ्यापुरता लागू पडतो, पण त्याच गच्चीवरच्या अँथुरियमला तो मारतो. झाड आणले की ते मुळात कुठल्या प्रकारच्या हवेतले आहे, एवढे विचारून ठेवावे.

कोमट पाण्याविषयी एवढेच सांगता येईल की पहाटे विहिरीचे पाणी बाहेरच्या हवेपेक्षा उबदारच असते. काळजी घ्यायची असेल तर दुपारी टाकीच्या पाइपातून येणाऱ्या तापलेल्या पाण्याची घ्यावी. समुद्रापासून जवळ राहणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट करावी : खाऱ्या वाऱ्याने पानांवर बसलेले मीठ पावसाअभावी धुतले जात नाही, तेव्हा आठवड्यातून एकदा पाने गोड्या पाण्याने धुवावीत.

खत बंद ठेवण्याचा सल्लाही आपल्या पावसाने खोटा ठरतो. रत्नागिरीत वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात कोसळतो. जांभ्याची माती मुळात आम्ल आणि पाणी चटकन सोडणारी आहे. चार महिन्यांत तिच्यातले नत्र आणि पालाश पाण्याबरोबर खाली निघून जाते, आणि कुंडीत तर ते आणखी लवकर जाते. म्हणून पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कुंडीची वरची चार बोटे माती काढून कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी निंबोळी पेंड घालावी. चुलीची राख पूर्वापार परसात टाकत आले आहेत, आणि आम्ल मातीत तिचा उपयोग होतो; फक्त अनंत आणि एक्झोरा यांना ती घालू नये, कारण त्यांना आम्लच माती मानवते. पाने टाकून बसलेल्या खुरचाफ्याला आणि अडेनियमला मात्र खत नको.

छाटणीबाबत संदेश मोगऱ्यापुरता बरोबर आहे. मोगऱ्याचे पाणी काही दिवस तोडून, नोव्हेंबर ते जानेवारीत तो गुडघ्याच्या खाली छाटला, की नव्या फुटीवर उन्हाळ्यात कळ्या भरपूर येतात. पण बोगनवेल कोरड्या दिवसांतच फुलते, आणि दिवाळीनंतर ती कापली तर फुलायला तयार झालेले शेंडेच जातात. जास्वंद कडक छाटणीने मरणार नाही, पण देवाला रोज फूल लागणाऱ्या घरात कित्येक आठवडे ताट रिकामे राहील, म्हणून तिचे शेंडे हलके खुडलेले बरे. दारातल्या आंब्याला तर या काळात कोयता लावूच नये, कारण मोहोर फांद्यांच्या शेंड्यांवर येतो आणि शेंडे कापणे म्हणजे त्या फांद्यांवरचे वर्षभराचे आंबे कापणे आहे.

कंद उपटायचे ते जमीन गोठते तिथे, कारण गोठलेला कंद वितळताच सडतो. आपल्या जमिनीत हळद, सुरण, शेवळे, कळलावी आणि फुटबॉल लिली हे सगळे पाने वाळवून सुखरूप पडून असतात. हळद स्वयंपाकासाठी काढायची असेल तर जरूर काढावी, पण बाकीच्या कंदांची जागा काठी रोवून खुणावावी, तिथे पाणी देऊ नये आणि वर पातेरा पसरावा. कपाटातल्या कागदात ते एकतर सुकून चिपाड होतात किंवा त्यांना बुरशी येते. जमिनीत ठेवलेल्या फुटबॉल लिलीचा लाल गोळा मे महिन्यात आपोआप वर येतो, आणि शेवळे पहिल्या पावसाबरोबर.

कुंड्या आत घेण्याची वेळ आपल्याकडेही येते, पण ती मृगाच्या तोंडावर. माझी दोन अडेनियम उघड्यावर राहिली आणि जुलैच्या झडीत त्यांची खोडे बुडाशी मऊ पडून गेली. तेव्हापासून मेअखेरीस अडेनियम आणि निवडुंगांच्या कुंड्या मी पडवीच्या उजेडाच्या बाजूला, पन्हाळीच्या पागोळ्या पोचणार नाहीत अशा ठिकाणी नेऊन ठेवतो, आणि पाऊस असेतोवर त्यांना जवळजवळ पाणी देत नाही. ऑक्टोबरात त्या बाहेर काढतानाही पहिले आठ-दहा दिवस फक्त सकाळचे ऊन दाखवतो, मग अंगणात नेतो, आणि दिवाळीला त्या पूर्ण उन्हात उभ्या असतात.