खुलासा: ‘अल्फा लहरी’ ऐकून गोंगाटातलं बोलणं स्पष्ट होत नाही

‘हेडफोनवर १० हर्ट्झच्या अल्फा लहरी ऐका, गर्दीतलं बोलणं कळेल, श्रवणयंत्र नको’ हा मेसेज चुकीचा आहे. (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती आवर्तनं; अल्फा ही मेंदूची साधारण ८-१२ हर्ट्झची विद्युत लय.)

खरं एवढंच: बोलण्यात सेकंदाला साधारण ४-५ अक्षरं येतात, मेंदूची ४-८ हर्ट्झची लय त्यांच्या चढउतारांशी जुळते. अल्फाचा संबंध लक्ष देण्याशी. त्या ऑडिओत मात्र एका कानात २००, दुसऱ्यात २१० हर्ट्झचे सूर असतात; त्यांतल्या १० हर्ट्झच्या फरकालाच ‘अल्फा’ म्हटलंय, बस्स.

पंख्याच्या घरघरीत ‘पाट’चं ‘ताट’ होतं, कारण व्यंजनाची क्षणभराची खूण बुडते. पंखा बंद करा, बोलणाऱ्यापासूनचं अंतर निम्मं करा; मोकळ्या जागी आवाज ६ डेसिबलने वाढतो. ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) गोंगाटातली शब्दचाचणीही मागा, शांत खोलीतला ऑडिओग्राम (किती हळू सूर ऐकू येतात त्याचा आलेख) पुरत नाही.

मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असल्यास तिथेच हा खुलासा टाका.