'वर्षभरात एकजीव होतात' म्हणे! त्या फिरणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

जळगाव-धुळ्याकडच्या वधू-वर ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, घटस्फोटितांनी दुसरं लग्न करताना लेकरांसाठी पाळायचे सहा नियम. थोडक्यात असं की, पोर लहान आहे तोवर उरकून टाका, ते विसरतं. नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून मम्मी-पप्पाच म्हणायला लावा. आधीच्या आईबापाचं नाव घरात काढू नका, भेटी बंद करा. शिस्त नव्या बापाच्या हातात द्या. आडनाव बदला. आणि लवकर एक 'दोघांचं' मूल होऊ द्या, वर्षभरात घर एकजीव होतं. खाली हात जोडलेले आणि 'समाजहितासाठी पुढे पाठवा'.

मी प्राथमिक शाळेत शिकवते, अशा घरांतली पोरं वर्गात असतातच, म्हणून लिहितेय. दुसऱ्या लग्नाला माझा विरोध नाही हे आधीच सांगून टाकते. आपल्याकडे पाट लावायची रीत पणजीच्या काळापासून आहे, त्यात लाजायचं काही नाही. माझं भांडण या घाईशी आहे.

पहिला मुद्दा, लहान पोर विसरतं. पाच वर्षांच्या पोराला सांगता येत नाही एवढंच, बाकी झोपेत अंथरूण ओलं करतं, शाळेच्या वेळेला नेमकं पोट दुखतं, आणि बऱ्याच पोरांना तर वाटतं की मम्मी-पप्पा आपल्यामुळेच भांडले. पण 'घटस्फोट म्हणजे पोरांची वाट लागली' म्हणणारे दुसरे मेसेज पण तेवढेच चूक. अमेरिकेत मेव्हिस हेदरिंग्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी कितीतरी वर्षं अशा कुटुंबांचा पाठपुरावा केला. त्यांना घटस्फोटित घरांतल्या साधारण 25 टक्के मुलांमध्ये गंभीर अडचणी दिसल्या, न तुटलेल्या घरांत हेच प्रमाण 10 टक्के होतं. म्हणजे त्रास वाढतो हे खरंच, पण चारातली तीन पोरं सावरतात हेही खरं, आणि आपल्याकडचे आकडे वेगळे असतील तरी एवढी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

दुसरा, मम्मी म्हणायला लावा. कशाला पण? मावशी म्हणू दे, काकू म्हणू दे, नाव घेऊन ताई म्हणू दे, काय बिघडतं? होतं काय की आजूबाजूचे सगळे, आत्या, आजी, शेजारीण, 'मम्मी म्हण, मम्मी म्हण' करून पोराच्या मागे लागतात, पोरगं तोंड घट्ट मिटून बसतं, आणि त्या नव्या बाईला वाटतं की याला मी नकोशी आहे, मग तीही आतून दुखावते, आणि दोघांचाही काही दोष नसताना पहिल्याच महिन्यात तेढ पडते. पॅट्रिशिया पेपरनाऊ या बाईंनी आयुष्यभर सावत्र कुटुंबांचाच अभ्यास केलाय. त्या म्हणतात, लवकर जमणाऱ्या घरांनाही साधारण 4 वर्षं लागतात, बाकीच्यांना 7 च्या आसपास. आणि मेसेजवाला म्हणतो वर्षभर! वर्षभरात जमलं नाही की मग लोक म्हणायला मोकळे, 'सावत्र ती सावत्रच'. आमच्या वळखीत एक पोरगा आहे, नव्या आईच्या हातचं भरीत कळण्याच्या भाकरीसोबत ताट पुसून खायचा आणि विचारलं की म्हणायचा, 'ठीक होतं.' ती बिचारी रडवेली व्हायची. चांगलं झालंय असं म्हटलं तर आपल्या खऱ्या आईच्या हातचं कमी ठरेल, अशी त्याची अडचण होती.

हीच अडचण तिसऱ्या मुद्द्यात आहे आणि मला तिथेच जास्त राग आला. आधीच्या आईबापाचं नाव काढू नका, भेटी बंद. एक मुलगी सुट्टीत नाशिकला आईकडे जायची. रेल्वेने भुसावळहून बाप सोडायला. नव्या आईने हौसेने भरलेल्या हिरव्या बांगड्या ती गाडी नाशिक रोडला लागायच्या आत काढून दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवायची, येताना मनमाड गेलं की परत घालायची. सांगितलं होतं का कुणी? नाही. दोन्हीकडचे एकमेकांबद्दल कसं बोलतात ते ऐकून तिचं तिनेच ठरवलं. आता अशा पोरीसमोर आईचं नावच बंद केलं तर तिच्या मनातली आई जाणार आहे का? फक्त ती तुमच्याशी बोलायची बंद होईल. शिवाय कोर्टाने भेटीचे दिवस ठरवून दिले असतील तर ते मनाने बंद करता येत नाहीत, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खालचा आदेश बदलून घ्यायला कोर्टातच जावं लागतं. मारझोड, दारू असला धोका असेल तर तेही कोर्टालाच सांगायचं.

शिस्तीचं एका दमात सांगते. नव्या माणसाने आल्या आल्या रागवायला सुरुवात केली की पोरगं ऐकत तर नाहीच, वर कायमची अढी धरतं. सुरुवातीला रागवायचं काम ज्याचं पोर त्याने करावं, दुसऱ्याने सायकल शिकवावी, पाढे घ्यावेत, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोका बांधून द्यावा.

आता आडनाव. मेसेजमध्ये लिहिलंय, 'सुप्रीम कोर्टानेही 2022 मध्ये परवानगी दिलीये.' अर्धवट. त्या खटल्यात मुलाचे जन्मदाते वडील वारलेले होते, म्हणून आई एकटीच नैसर्गिक पालक होती, आणि नव्या वडिलांनी पुढे त्याला रीतसर दत्तकही घेतलं होतं. कागदोपत्री त्यांना 'सावत्र वडील' म्हणून दाखवा हा आदेश कोर्टाला क्रूर वाटला, ते बरोबरच आहे. पण बाप जिवंत असताना, घटस्फोटानंतर, तोच निकाल दाखवून शाळेत आडनाव बदला म्हणणं चालत नाही. आणि बदललं तरी मिळतं काय? हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 प्रमाणे दत्तक न घेतलेलं पोर सावत्र बापाच्या पहिल्या वर्गातल्या, म्हणजे सगळ्यात आधी हक्क पोचणाऱ्या, वारसांत येत नाही, आडनाव एक झालं म्हणून सातबाऱ्यावर नाव चढत नाही. त्याच वर्षीच्या पालकत्व कायद्यातही सावत्र आईबाप नैसर्गिक पालक धरलेले नाहीत. खरंच आपलं करायचं असेल तर दत्तकाची रीतसर प्रक्रिया आहे, तिथे जन्मदात्याची संमती लागते, किंवा मृत्युपत्र करून ठेवा. ते काम सोडून लोक दाखल्यावरचं नाव बदलत बसतात.

आणि नाव बदलून भाऊबंद गप्प बसतात असं तरी कुठंय. कानबाई ही आमच्या खानदेशातली देवी, तिच्या सणाचे रोट, म्हणजे प्रसाद, आमच्याकडे भाऊबंदकीतच खायचे असतात. आईसोबत आलेला आठ वर्षांचा पोरगा ताट घेऊन पंगतीत बसला तर एक काकू म्हणाली, 'हाऊ आपला कुळना नही.' पोराला अहिराणी चांगली कळते! नव्या बापाची म्हातारी आई तिथंच होती, तिने बोलणं वाढवलं नाही, 'पोऱ्या भुक्या शे, खाऊ द्या त्याले' म्हणाली आणि स्वतः वाढलं. दाखल्यावर त्याचं जुनंच आडनाव आहे अजून.

राहिला शेवटचा, दोघांचं मूल. हवं असेल तर जरूर होऊ द्या, पण घर जोडायचं काम त्या तान्ह्या जिवावर टाकू नका. थोरल्याच्या मनात तेव्हा काय चालतं ते आपल्याला कळतही नाही. एकाने मला मधल्या सुट्टीत विचारलं, 'मॅडम, बाळ आलं म्हणजे मी आता मामाकडे राहणार का?' तसं कुणी म्हटलं नव्हतं, पण 'तू इथेच राहणार' असंही कुणी म्हटलं नव्हतं. त्याच्या घरच्यांना मी तेच सांगितलं, बाळंतपणाच्या आधी हे त्याच्याशी बोला, त्याची शाळा, त्याचं कपाट, त्याची झोपायची जागा बदलणार नाही म्हणून, आणि मग खरंच बदलू नका.